सावल्या बंद, पाऊस बंद

गेल्या मे महिन्यात माझ्या मामेभावाने बदलापूर पश्चिमेचा त्याचा जुना गाळा विकला. सामान आवरायला मी अंबरनाथहून गेले होते. माळ्यावरच्या एका खोक्यात वायरींची भेंडोळी, दोन-चार मुके माऊस आणि एक मेलेला यूपीएस होता. त्याच्या तळाशी दोनशेपानी वही निघाली. रद्दीच्या ढिगावर टाकता टाकता दादाने ती माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "ही तुझ्या लायब्ररीत ठेव. संशोधन कर." तो चेष्टेने म्हणाला होता. मी वही पिशवीत घातली, कारण तिच्यातले निम्मे अक्षर माझे होते.

पहिल्या पानावर 'श्री' आहे आणि त्याखाली नोव्हेंबर २००५ असा महिना. पुढे अशा नोंदी :

"३ नंबर. ८०० बाय ६००. सावल्या बंद, पाऊस बंद. गाडीवरचं प्रतिबिंब बंद. बरी चालते."

"५ नंबर. सगळं बंद केलं तरी अडकते. रॅम बघणे."

"७ नंबर. व्हाइस सिटी ठीक. लांबचं कमी केलं. धूर आला की बसते."

अनोळखी माणसाच्या हाती ही वही पडली तर त्याला ती कुणा वेधशाळेच्या कारकुनाने भ्रमिष्टावस्थेत लिहिल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात ती एका सायबर कॅफेतल्या यंत्रांची वही आहे. कोणत्या यंत्रावर कोणता व्हिडिओ गेम काय काय बंद केल्यावर धड चालतो, याचा साडेतीन वर्षांचा हिशेब तिच्यात आहे. मी पेशाने ग्रंथपाल आहे. हाती आलेल्या प्रत्येक कागदाला एक विषय द्यावा लागतो. या वहीला कोणता द्यावा, हे ठरवण्याच्या नादात मी जे वाचले, आठवले आणि ताडून पाहिले, ते या लेखात मांडते आहे.

*

आधी वही का सुरू झाली ते सांगते. मामा अंबरनाथच्या विम्कोत, म्हणजे काडेपेट्यांच्या कारखान्यात होता. निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा त्याने दादाच्या कॅफेत घातला. दहा यंत्रे, प्लायवुडच्या कप्प्यांची रांग, दारात काचेवर चिकटवलेली अक्षरे. कॉलेज सुटले की संध्याकाळी दोन तास मी गल्ल्यावर बसायचे आणि कोण किती वाजता बसला, किती वाजता उठला ते लिहायचे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईकरांच्या आठवणीत त्या दिवशी मिठी नदी आहे. आमच्या आठवणीत उल्हास आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यात ती आणि तिला मिळणारे नाले पात्र सोडून वस्तीत आले. कॅफेत पाणी टेबलाच्या फळीच्या चार बोटे खाली थांबले. मॉनिटर टेबलावर होते, ते वाचले. सीपीयूचे डबे जमिनीवर होते, ते गेले. दुरुस्तीसाठी वर ठेवलेले दोनच उरले.

गणपतीनंतर दादाने मिळतील तशी जुनी यंत्रे जमवायला सुरुवात केली. काही लॅमिंग्टन रोडवरून, काही उल्हासनगरातून, काही कचेऱ्यांनी मोडीत काढलेली. आधीच्या यंत्रांत वेगळे ग्राफिक्स कार्ड होते. या यंत्रांत ते नव्हते. चित्र काढण्याचे काम मदरबोर्डवरच्याच एका चिपकडे होते. दुकानदार त्याला 'ऑनबोर्ड' म्हणत. नेमके तेव्हा गिऱ्हाईकही बदलत होते. ईमेल पाहायला आणि निकाल बघायला येणारी माणसे कमी होत चालली होती आणि खेळायला येणारी पोरे वाढत होती. खेळ अडकत चालला की पोरगा अर्ध्या तासात उठे आणि स्टेशनजवळच्या दुसऱ्या कॅफेत जाई. तेव्हा यंत्र सेकंदाला किती चित्रे दाखवते, हा आमच्या घरात शास्त्राचा प्रश्न नव्हता. महिन्याचा हप्ता त्यावर अवलंबून होता.

*

सेकंदाला किती चित्रे, याला फ्रेम रेट म्हणतात. पडद्यावर काहीच हलत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे इतक्या भराभर येतात की डोळा ती जोडून घेतो. मध्य रेल्वेवर आयुष्य काढलेल्या वाचकाला हे सांगायला फार वेळ लागू नये. गाडीला किती डबे आहेत ही एक गोष्ट आणि किती मिनिटांनी गाडी आहे ही दुसरी. चित्र किती बारकाव्याचे, हे डब्यांचे मोजमाप. फ्रेम रेट हे फेऱ्यांचे. रूळ, इंजिने आणि वीज तेवढीच असेल तर दोन्ही एकाच वेळी हवे तेवढे वाढवता येत नाहीत.

सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चालत असतील तर ३३.३. या मुदतीत यंत्राला सगळे जग नव्याने काढावे लागते : रस्ता, इमारती, गाडी, गाडीवरचा प्रकाश. सेटिंग्जच्या पानावरचा प्रत्येक पर्याय या मुदतीतला काही भाग मागतो. पर्याय बंद केला की तेवढा वेळ परत मिळतो.

सरासरीने फसू नये, हेही बदलापूरकराला ठाऊक असते. तासाला चार गाड्या आहेत असे वेळापत्रक म्हणते. पण दोन पाठोपाठ आल्या आणि मग अर्धा तास एकही नाही, तर फलाटावरच्या माणसाला त्या सरासरीचा काय उपयोग? खेळातही तसेच. सरासरी चाळीसची असली तरी एखादे चित्र पाव सेकंद अडले तर हाताला तो झटका कळतो. दादाच्या वहीत 'बरी चालते' आणि 'अडकते' हे दोन शेरे वारंवार येतात. आकड्यांपेक्षा ते जास्त अचूक आहेत, असे मला आता वाटते.

*

सेकंदाला किती चित्रे, हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे आणि मुंबईत तो ७ जुलै १८९६ पासून आहे. त्या दिवशी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचे खेळ झाले. ते यंत्र हाताने फिरवायचे होते. वेग साधारण सेकंदाला सोळा चित्रांचा. पण 'साधारण' हाच त्यातला महत्त्वाचा शब्द. चित्रे किती वेगाने जातील ते दांडा फिरवणाऱ्या मनगटावर होते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तोही हातानेच फिरवायचा. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. रोप वाढत असताना ठरावीक अंतराने थोडे थोडे चित्रण करायचे आणि नंतर ते सलग दाखवायचे. महिनाभराची वाढ प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर काही क्षणांत होते. चित्र घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग वेगळे ठेवले की काळ आपल्या हाती येतो, हे फाळक्यांनी मूकपटाच्या आरंभीच इथे करून दाखवले होते.

मूकपटाच्या काळात थिएटरवालेही वेगाशी खेळत. गर्दी असली की दांडा जरा जोरात फिरवायचा, म्हणजे एक खेळ जास्त बसतो. बोलपट आले तेव्हा ही मोकळीक संपली. चित्र पुढेमागे झालेले डोळा खपवून घेतो. आवाज वरखाली झालेला कान खपवून घेत नाही. म्हणून वेग सेकंदाला २४ चित्रांवर बांधला गेला. याहून कमी वेगात आवाज नीट वठत नव्हता आणि याहून जास्त वेगात फिल्म जास्त लागत होती. फिल्म महाग होती. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला, तोवर जगभर हा आकडा रूढ होत आला होता. सेकंदाला २४ हा आकडा सृष्टीच्या नियमातून आलेला नाही. पैसा आणि कान यांच्यातली ती तडजोड आहे.

दूरदर्शनचा आकडा वेगळा, तो विजेच्या तारेतून आला. आपल्याकडच्या वीजप्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५०, म्हणून टीव्हीचे चित्र सेकंदाला ५० वेळा अर्धे अर्धे रंगवायचे, म्हणजे पूर्ण चित्रे २५. जपान-अमेरिकेच्या टीव्हीचा ठेका ६० चा. त्या ठेक्यावर रचलेला खेळ ५० वर चालवला आणि बनवणाऱ्याने काळजी घेतली नसली, तर तो सहाव्या हिश्शाने संथ होतो. मारिओ तसाच उडी मारतो, फक्त हवेत थोडा जास्त रेंगाळतो.

*

इथपर्यंत चित्रे आधी तयार होती, फक्त दाखवायची होती. व्हिडिओ गेमने ही अट मोडली. खेळातले पुढचे चित्र कुठेच साठवलेले नसते. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते पाहून यंत्र ते जागच्या जागी बनवते. बनवायला उशीर झाला तर दाखवायलाही उशीर होतो.

१९७८ चा जपानी खेळ 'स्पेस इन्व्हेडर्स' याचे सुंदर उदाहरण आहे. वरून शत्रूंच्या रांगा खाली सरकतात आणि आपण त्या टिपायच्या. जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले भराभर धावू लागतात. सुरुवातीला हे कुणी योजलेले नव्हते. पडद्यावर जितके शत्रू जास्त तितके ते काढायला प्रोसेसरला जास्त वेळ लागे. शत्रू मेले की काम हलके होई आणि वेग वाढे. रचनाकार तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसेच ठेवले. यंत्राची दमछाक हाच खेळाचा थरार झाला.

पुढे ही दमछाक खेळणाऱ्याच्या हाती सोपवण्यात आली. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'चा वेग सेकंदाला ३५ चित्रांपलीकडे जात नसे, पण त्या काळच्या बऱ्याच घरगुती संगणकांना तेवढेही झेपत नसे. म्हणून दोन सोयी होत्या. एक कळ दाबत गेले की चित्राची चौकट लहान होई आणि भोवती कोरी किनार येई. दुसरी कळ दाबली की आडव्या दिशेचा बारकावा निम्मा होई. यंत्र गरीब असेल तर मालकाने जगाचा आकार कमी करावा, असा हा व्यवहार होता. आजचे सेटिंग्जचे लांबलचक पान याच दोन कळांचा वाढलेला वंश आहे.

*

आता आमच्या पट्ट्याकडे येते. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर उभे राहिलेले शहर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या या बराकींत आणले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी होऊन नदीवरून त्याचे नाव ठेवले गेले. पत्ता सांगताना आजही लोक कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. जे मिळत नाही ते बनवायचे आणि जे महाग आहे ते स्वस्तात उभे करायचे, ही निर्वासितांची गरज हळूहळू शहराचा धंदा झाली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणी सगळ्यांना पाठ होता. त्यात टिंगल होती आणि थोडे कौतुकही.

आमच्या घरातला पहिला व्हिडिओ गेम याच बाजारातून आला. मूळ जपानी यंत्र १९८३ चे. आमच्याकडे आली ती त्याची बिननावाची नक्कल. खेळाच्या डबीला सगळे 'कॅसेट' म्हणत. तिच्यावर 'नऊशे नव्व्याण्णव खेळ' असे छापलेले असे आणि आत पाच-सात खेळच पुन्हा पुन्हा निघत. टीव्हीला जोडायचा, चॅनेल जुळवायचे आणि बसायचे. त्यात सेटिंग्ज नव्हती. शत्रू जास्त झाले की आकृत्या लुकलुकायच्या. आम्हाला वाटायचे, त्या तशाच असतात.

संगणकाच्या खेळात मात्र पर्याय होते आणि इथे दादाची वही कामाला येते. त्याच्या 'ऑनबोर्ड' यंत्रांतली चित्र काढणारी चिप इंटेलची होती. तिचे अधिकृत नाव 'एक्स्ट्रीम ग्राफिक्स'. दादा ते नाव वाचून दर वेळी हसायचा. या चिपला स्वतःची मेमरी नव्हती. यंत्राच्या २५६ एमबीतलाच तुकडा ती उसना घेई. शिवाय गाडीचे, इमारतीचे कोपरे अवकाशात कुठे पडतात याचे गणितही ती करत नसे. तो भार मुख्य प्रोसेसरवरच पडे. स्वयंपाक, वाढप आणि भांडी, सगळे एकाच बाईने करावे तसा प्रकार.

*

वही सलग वाचली तर तिच्यात एक पद्धत दिसते. दादा बारावी नापास. पण तो एका वेळी एकच गोष्ट बदले, तोच रस्ता पुन्हा चालवून पाही आणि मग शेरा लिही. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळे आकडे दाखवणारा 'फ्रॅप्स' नावाचा छोटा प्रोग्राम त्याने कुठूनसा मिळवला होता. तो सांगे, मी लिही.

सर्वांत आधी तो रिझोल्यूशन उतरवे. १०२४ बाय ७६८ म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. ८०० बाय ६०० म्हणजे ४,८०,०००. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२००. प्रत्येक चित्रात इतके ठिपके रंगवायचे. ठिपके कमी झाल्यावर वेग वाढला तर अडचण रंगवण्यात होती. ठिपके कमी करूनही वेग तसाच राहिला तर अडचण रंगवण्यात नाहीच. प्रोसेसर मागे पडतो आहे किंवा मेमरी पुरत नाही. "५ नंबर. सगळं बंद केलं तरी अडकते" या नोंदीचा अर्थ हाच. पुढच्या आठवड्यात तिथे नवी रॅम टाकल्याची नोंद आहे आणि शेरा, 'बरी चालते'.

मग सावल्या. सावली काढायची म्हणजे यंत्राला दृश्य दोनदा बघावे लागते : एकदा दिव्याच्या जागेवरून, कुठे उजेड पोचतो आणि कुठे नाही हे ठरवायला, आणि एकदा खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून. सावली बंद केली की पहिली फेरी वाचते. म्हणून आमच्या कॅफेतली माणसे आणि गाड्या जमिनीवर टेकल्यासारखी दिसत नसत. रस्त्यावर बोटभर तरंगत.

'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' हा शर्यतीचा खेळ २००५ च्या नोव्हेंबरात आला आणि वहीही त्याच महिन्यात सुरू झाली; हा योगायोग नव्हे. त्यात पाऊस चालू-बंद करता येई. गाडीच्या पत्र्यावर भोवतालचे प्रतिबिंब पडे आणि ते किती वेळा बदलायचे याचाही वेगळा पर्याय होता. म्हणजे रस्ता एका वेगाने पुढे सरकतो आहे आणि पत्र्यावरचा त्याचा आरसा दुसऱ्या, संथ वेगाने. प्रतिबिंब पूर्ण बंद केले की गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसे, पण वळणावर अडकत नसे.

'जीटीए व्हाइस सिटी'त लांबचे किती दिसावे याची एक पट्टी होती. ती मागे ओढली की दूरच्या इमारती उशिरा उगवत. वेगाला ३० च्या आसपास आवर घालणारा पर्यायही त्यात होता. तो काढून टाकला तर चांगल्या यंत्रावर चित्र गुळगुळीत होई, पण गाड्यांचे वागणे बिघडे, कारण खेळाची काही गणिते त्या ठेक्याला बांधलेली होती. एका पानावर दादाने लिहिले आहे, "२ नंबरला लिमिटर काढू नये. पोरं तक्रार करतात." २ नंबर हे पुरातून वाचलेल्या दोन यंत्रांपैकी एक. जास्त वेग म्हणजे नेहमीच बरे असे नाही, हेही वहीत आहे.

*

आणि 'काउंटर-स्ट्राइक'. याच्याशिवाय त्या काळातला कॅफे पुरा होत नाही. दोन बाजू, पाच-पाच जण, एकाच खोलीतल्या वायरने जोडलेले. इथे फ्रेम रेट हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो. ज्याच्या पडद्यावर कोपऱ्यातला शत्रू सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने उशिरा येतो तो आधी मरतो आणि आपण का मेलो ते त्याला कळत नाही.

'धूर आला की बसते' हा शेरा या खेळाच्या पानांवरही सारखा येतो. धुराचा गोळा फुटला की पडद्यावर अर्धपारदर्शक थर एकावर एक येतात. भिंतीचा ठिपका एकदा रंगवला की झाले; धुराचा ठिपका जितके थर तितक्या वेळा रंगवावा लागतो. चांगल्या यंत्रावर धूर फक्त दृष्टी झाकतो. आमच्या यंत्रांवर तो हातही बांधे. पोरांनी हे ओळखले होते. समोरचा ७ नंबरवर बसला आहे हे माहीत असले की ते मुद्दाम धूर फेकत.

यावरून भांडणे झाली. एकदा दोघांची मारामारी होऊन प्लायवुडचा कप्पा तुटला. त्यानंतर दादाने नियम केला : सामन्याच्या दिवशी सगळी यंत्रे सगळ्यांत कमजोर यंत्राच्या पातळीवर आणायची. २ नंबरसुद्धा. चांगल्या यंत्रांचे मुद्दाम खाली आणलेले आकडे वहीच्या त्या पानावर माझ्या अक्षरात आहेत. तेव्हा ते लिहिताना मला काही वाटले नव्हते. आता त्या पानाकडे पाहून वाटते की एका चोवीस वर्षांच्या पोराने, बुडालेल्या धंद्यात, गिऱ्हाईक तुटेल ही भीती असताना, समान वाटपाचा एक नियम काढला आणि तो पाळला.

भारनियमन होतेच. वीज गेली की यूपीएस चार-पाच मिनिटे टिकत. तेवढ्यात सामना संपवायचा असे ठरलेले असे. त्या अंधारात दहा पडदे तेवढे उजळ असत.

*

कॅफे २००९ मध्ये बंद झाला. पुराने जे केले नाही ते घराघरांतल्या ब्रॉडबँडने केले. पुढे मोबाइल आले, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि २०१८ पासून 'पबजी'. अंबरनाथच्या संध्याकाळच्या गाडीत उभ्या उभ्या खेळणारी पोरे मी पाहिली आहेत. त्या खेळाच्या सेटिंग्जमध्ये दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत चित्राचा दर्जा, 'स्मूथ' ते 'एचडीआर'. खालच्या ओळीत वेग, 'लो' ते 'एक्स्ट्रीम'. वरच्या ओळीत खूप मागितले की खालच्या ओळीतले सर्वांत वेगवान पर्याय मिळत नसत. दादाने दहा यंत्रांवर महिनोन्‌महिने खपून जे लिहून काढले, ते तिथे दोन ओळींत छापलेले होते. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने त्या खेळावर बंदी घातली. २ जुलै २०२१ ला तो नव्या नावाने परत आला. मुरलेले खेळाडू आजही चित्र सर्वांत साधे आणि वेग सर्वांत जास्त ठेवतात.

दरम्यान महागड्या कार्डांनी तिसराच मार्ग काढला. २०२२ पासून काही कार्डे दोन खऱ्या चित्रांच्या मधले एक चित्र अंदाजाने बनवून घालतात. पडद्यावर वेग दुप्पट भासतो. पण मधल्या चित्राला खेळणाऱ्याने काय केले ते माहीत नसते. कळ दाबल्याचा परिणाम त्यामुळे लवकर दिसत नाही. गाड्यांच्या भाषेत सांगायचे तर फलाटावरून गाडी जाताना दिसते, पण तिच्यात चढता येत नाही.

*

मूळ प्रश्न राहिला : वहीला विषय कोणता द्यावा?

मूकपट आज टीव्हीवर पाहिले तर माणसे तुरुतुरु चालतात आणि आपल्याला हसू येते. जुन्या लोकांचा सिनेमाच तसा होता, असे वाटते. तसा तो नव्हता. सोळा-अठराच्या वेगाने घेतलेली फिल्म चोवीसच्या वेगाने चालवल्याचा तो परिणाम आहे. फाळक्यांच्या प्रेक्षकाने हरिश्चंद्राला तुरुतुरु चालताना पाहिले नाही. फिल्म उरली, ती कोणत्या वेगाने फिरवत होते, हे फिल्मवर लिहिलेले नसते. ते दांडा फिरवणाऱ्याच्या मनगटात होते आणि त्याच्याबरोबर गेले.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत हीच चूक आपल्या डोळ्यांदेखत होते आहे, फक्त उलट दिशेने. २००५ चा खेळ आज कुणी जपून ठेवतो तेव्हा तो आजच्या यंत्रावर, सगळे पर्याय वर चढवून चालवतो. सावल्या, पाऊस, प्रतिबिंबे, सगळे काही असते आणि चित्र लोण्यासारखे सरकते. बनवणाऱ्यांनी काय बनवले याचा तो पुरावा आहे. आमच्या पट्ट्यातल्या हजारो मुलांनी काय पाहिले, याचा नाही.

वही सापडल्यावर एक गोष्ट घडली, ती सांगून थांबते. कॅफेत येणारा एक मुलगा आता बदलापुरातच संगणक दुरुस्ती करतो. गाळा विकला गेल्याचे कळल्यावर तो दादाला भेटायला आला. दादाचा मुलगा लॅपटॉपवर तोच जुना शर्यतीचा खेळ खेळत होता. थोडा वेळ तो मागे उभा राहून पाहत राहिला. पडद्यावर ढग आले, रस्ता ओला झाला, काचेवर थेंब पडू लागले.

"यात पाऊस पडतो?" त्याने विचारले.

दादा काही बोलला नाही. हा मुलगा तो खेळ आमच्याकडे दोन वर्षे रोज खेळला होता. नेहमी ३ नंबरवर बसायचा.

मी वहीची नोंद केली आहे. दाखल क्रमांक दिला, पाने मोजली, मितीच्या जागी २००५ ते २००९ लिहिले. विषयाच्या रकान्यात 'व्हिडिओ गेम – तांत्रिक' असे आधी लिहिले होते, ते खोडले. आता तिथे 'प्रेक्षक – बदलापूर' असे आहे.